छोटी, दाराचं पॅनल काढण्याआधी

छोटी, परवा फोनवर तू म्हणालीस की गाडीत एवढा आवाज येतो की कळमेश्वरहून निघून काटोल नाक्याला पोचेपर्यंत डोकं भणभणतं. कोणीतरी तुला सगळ्या गाडीला डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याला थरथर दाबणारी शीट, करून घे म्हणून सांगितलंय. दोन्ही दारं, खालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी, काहीच सोडायचं नाही. दुकानदाराने आकडाही सांगितला, आणि तू विचारलंस, "ताई, करून टाकू का?" फोनवर हो-नाही म्हणून सुटावं अशी ही गोष्ट नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले. हूडची, म्हणजे कापडी छताची, गाडी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या पोरी आता नागपुरात कमी नाहीत. त्यांनीही वाचलं तर बरंच.

माझं मत आधीच सांगते. डॅम्पिंग कर. पॅनल काढ, शीट लाव, मी तुझ्याजवळ बसते. पण सगळी गाडी मढवू नकोस, आणि दाराला हात लावण्याआधी आवाज नेमका कुठून येतो ते शोध. हूडच्या गाडीत माणसांचे पैसे बुडतात ते इथेच. खर्च होतो पत्र्यावर आणि आवाज येत असतो छतातून, नाहीतर दाराच्या रबरातून.

तुझी थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या नव्या पिढीतली, नाशिकच्या कारखान्यातली. २०१० सालच्या जुन्या थारमध्ये बसलेल्या माणसाला ही गाडी शांतच वाटेल. तरी ती शिडीसारख्या चेसिसवर बसवलेली गाडी आहे, पुढची काच उभी, टायर रुंद आणि खडबडीत नक्षीचे, आणि डोक्यावर कापड. उभ्या काचेवर वारा आपटतो, तो कडेने वळताना आरशाजवळ आणि हूडच्या पुढच्या पट्टीजवळ घोंगावतो. टायरचा आवाज चाकातून चेसिसमध्ये, चेसिसमधून पत्र्यात चढतो. म्हणजे एक आवाज हवेतून येतो आणि दुसरा लोखंडातून. डॅम्पिंग शीट दुसऱ्यावर चालते. पहिल्याला ती फारसं काही करत नाही.

हे मी एवढं जोर देऊन का सांगते? हवेतून येणारा आवाज अडवायचा तर वजन लागतं. आडोशाचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने सहा डेसिबलचा फरक पडतो. आणि आडोशाच्या शंभर भागांतला एक भाग जरी उघडा राहिला, तर उरलेले नव्व्याण्णव भाग कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या पलीकडे आवाज अडत नाही. तुझ्या गाडीचं तर अख्खं छत कापडाचं आणि मागच्या खिडक्या मऊ पारदर्शक प्लास्टिकच्या. म्हणून ती जड काळी व्हिनाइलची चादर दारात घालायचा दुकानदाराचा आग्रह मला पटत नाही. चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास भरते ती. पत्र्याच्या छताच्या सेडानमध्ये तिचा उपयोग होईल. तुझ्याकडे ती बिजागरीला ओझं होईल, आणि वरून यायचा तो आवाज येतच राहील. तिला सरळ नाही म्हण.

मग शोधायचं कसं? एक रविवार काढ. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना. आधी टायरची हवा बघ. दाराच्या आत चिकटवलेल्या स्टिकरवर आकडा असतो, तेवढीच हवी. पंपावरचा पोरगा मोठी गाडी बघून चार पौंड जास्त भरून देतो, आणि मग प्रत्येक खड्डा पत्र्यात वाजतो. मग फेटरीच्या बाजूला सरळ रस्त्यावर साठच्या वेगाने जा आणि मोबाइलवर आवाज मोजायचं एखादं ॲप लावून ठेव. त्याचा आकडा अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक कळायला पुरतो. फक्त तोच रस्ता, तोच वेग, मोबाइल त्याच जागी, आणि पंखा बंद. परत येताना दाराच्या फटीवर आणि हूडच्या पुढच्या पट्टीवर बाहेरून मास्किंग टेप लाव, पेंटरकडे असते ती पिवळी. लावून पुन्हा तेवढंच अंतर जा. ज्या फटीवर टेप लावल्याने घोंगावणं कमी होतं, तो तुझा चोर. सगळीकडे एकदम लावू नकोस, एकेका फटीवर लाव, नाहीतर काहीच कळणार नाही.

दाराच्या रबरी बीडिंगची परीक्षा त्याहून सोपी. दहाची नोट बीडिंगवर ठेवून दार लाव आणि नोट ओढ. घट्ट सरकली तर ठीक, सहज निघून आली तर तिथे रबर दबलेलं आहे. दाराभोवती वीतभर अंतराने असं करत जा. सेकंडहँड गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचं बीडिंग हमखास दबलेलं असतं, कारण तेच दार हजारदा उघडतं. नवं बीडिंग डॅम्पिंगच्या मानाने फारच स्वस्त, आणि हूडच्या गाडीत त्याने जो फरक पडतो तो बघून तुला नवल वाटेल. जुनं रबर चांगलं असेल तर ते पुसून सिलिकॉनचं ग्रीस लाव. खोबरेल नको, इंजिन ऑइल तर नकोच, तेलाने रबर फुगतं आणि चिकट होतं.

हूडही नीट बसलाय का ते बघ. पुढचे लॉक दोन्ही बाजूंनी सारखे ओढलेले हवेत, मागच्या खिडक्यांच्या कडा पूर्ण बसलेल्या हव्यात. एका बाजूला कापड सैल असलं की ताशी ऐंशीला ते फडफडतं, आणि ती फडफड थेट कानाच्या वर होते. कापडाला आतून फोमचं अस्तर शिवून देतो असं कोणी म्हणालं तर थांब. आपण दोघी बाबांच्या कुशनच्या दुकानात वाढलो, फोम आणि सोल्युशन काय चीज आहे ते आपल्याला माहीत आहे. मे महिन्यात हूडखाली जी भट्टी तयार होते तिच्यात सोल्युशन सुटतं, फोमचा भुगा होतो, आणि जाड झालेला हूड घडी घालताना त्याच्या सांगाड्यावर ताण येतो. हूड उघडायचा नसेल तर ही गाडी घेतलीच कशाला, असं मी म्हणणार नाही. पण तो सहज उघडत राहिला पाहिजे, एवढा माझा हट्ट आहे.

हे सगळं करून झालं की मग पॅनल. पण त्याआधी पत्रा आणि शीट समजून घे.

आपल्या कळमेश्वरात पत्र्याची गोष्ट कोणाला वेगळी सांगायला नको. एमआयडीसीतला तो मोठा कारखाना, आधी इस्पातचा आणि आता जेएसडब्ल्यूचा, जस्ताचा मुलामा दिलेला आणि रंगीत पत्राच तर काढतो. पातळ पत्रा वाजतो कारण त्याला धरून ठेवणारं काही नसतं. जेवणाचं ताट हातातून निसटून फरशीवर पडलं की घुमत राहतं, आणि आई त्यावर तळवा ठेवते तेव्हा गप्प होतं. डॅम्पिंग शीट त्या तळव्याचं काम करते. ती ब्युटाइल रबराची असते, एक-दोन मिलिमीटर जाड, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा. पत्रा थरथरतो, मधलं रबर ताणलं जातं, वरचा पापुद्रा त्याला ताणू देत नाही, आणि थरथरीची ऊर्जा रबरातच किंचित उष्णता होऊन विरते.

म्हणूनच सगळा पत्रा झाकायची गरज नसते. सपाट भागाच्या मधोमध, जिथे तो सगळ्यात जास्त हलतो, तिथे पाव ते एक तृतीयांश जागा झाकली की बहुतेक काम झालं. पुढे जेवढी लावशील तेवढं वजन वाढेल आणि दुकानदाराचं बिल वाढेल, आवाज त्या मानाने कमी होणार नाही. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करून बघ. टण्ण वाजला तर तिथे शीट हवी, ठप्प वाजला तर पुढे सरक. जिथे घडी आहे, वळण आहे, तिथला पत्रा आधीच ताठ असतो.

शीट घेताना एकच विचार, ब्युटाइल आहे की डांबराची? दिसायला दोन्ही सारख्याच, वरून चकचकीत. डांबराची अर्ध्या किमतीत मिळते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या दाराचा पत्रा त्याहून किती तरी जास्त तापतो. त्यात डांबर मऊ पडतं, उभ्या पत्र्यावरून हळूहळू खाली ओघळतं आणि आत डांबराचा वास भरून राहतो. पुण्या-नाशिकला कोणाचं चाललं असेल, आपल्याकडे नाही चालायचं. ओळखायचं कसं? कोपरा मुडपून बघ. ब्युटाइल ताणलं जातं, डांबर तुटतं. नाकाजवळ धर, डांबराचा वास लपत नाही. दुकानदार वास घेऊ देत नसेल तर दुकान बदल.

आता दार. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण पोरी इथेच घाबरतात आणि मग सगळं दुसऱ्याच्या हवाली करून बाहेर चहा पीत बसतात.

गाडी सावलीत लाव आणि काच पूर्ण वर करून ठेव. बॅटरीची निगेटिव्ह तार काढ, दहा मिनिटं थांब. दाराला हात धरायची खोबण असते, तिच्या तळाशी छोटं झाकण असतं, नखाने उचललं की आत स्क्रू दिसतो. दुसरा स्क्रू आतल्या हँडलच्या मागे सापडतो, एखादा कडेला. सगळे निघाल्याशिवाय पॅनल ओढायचं नाही. निघत नाही म्हणून जोर लावावा लागला तर समज, कुठेतरी एक स्क्रू राहिलाय. मग प्लास्टिकची पट्टी, ट्रिम काढायची, ती खालच्या कडेत सरकव आणि क्लिपच्या अगदी जवळ नेऊन उचल. स्क्रूड्रायव्हर वापरू नकोस, रंगाला ओरखडा पडतो आणि पॅनलच्या कडेला कायमचा दात उमटतो. पहिली क्लिप "टक्" करून सुटते तेव्हा काही मोडलं असं वाटतं. मोडलेलं नसतं. तो तिचा आवाजच आहे. तळापासून कडेने वर जात एकेक सोडव. पाच-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेव. उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक असतं, दोन-चार तुटणारच, आणि तुटलेल्या क्लिपवर पॅनल बसवलं की तेच पुढे खडखडतं. म्हणजे आवाज घालवायला गेलो आणि नवा आणून बसवला.

सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅनल सरळ स्वतःकडे ओढायचं नाही. काचेच्या कडेवर ते अडकवलेलं असतं, म्हणून वर उचलायचं. उचललं की मागे हँडलची तार आणि एखादा वायरचा कपलर दिसेल. पॅनल एका हाताने तोलून धर, मी असेन तर मी धरते, आणि दुसऱ्या हाताने कपलरची खिटी दाबून तो सोडव. वायर ओढून नव्हे, खिटी दाबून. पॅनल वायरवर लोंबकळू द्यायचं नाही. एक गोष्ट कायम लक्षात ठेव. गाडीत कुठेही पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समज आणि त्याला हात लावू नकोस. डॅशबोर्ड म्हणूनच या कामात उघडायचा नाही, तिथे कितीही किरकिर येत असली तरी.

आता समोर जे दिसेल तेच माझ्या सगळ्या सांगण्याचं मूळ आहे. दाराच्या लोखंडावर एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, कडेने काळ्या चिकट दोरीसारख्या ब्युटाइलने. गबाळं दिसतं ते, म्हणून कारागीर फाडून फेकतात. फेकू द्यायचं नाही. काचेवर पडलेलं पावसाचं पाणी काचेच्या रबराशी थांबत नाही. ते दाराच्या आत उतरतं, आतून वाहत तळाला जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार असंच बनवलेलं असतं, ओलं होण्यासाठी. ते प्लास्टिक त्या पाण्याला तुझ्या पायाशी येण्यापासून अडवतं. हूडच्या गाडीत वरून पाणी आधीच जास्त येतं, तिथे हे प्लास्टिक दुप्पट महत्त्वाचं. काळ्या चिकट पट्टीला हेअर ड्रायरने जरा गरम कर, हळूहळू सोडव, आणि घडी न घालता वर्तमानपत्रावर पसरून ठेव. परत बसवताना तेच बसव, फाटलं असेल तर नवं जाड प्लास्टिक कापून तशाच ब्युटाइल दोरीने चिकटव.

ओळखीतल्या एकाच्या जुन्या जिप्सीचं मी बघितलंय. नागपुरातल्या एका दुकानात त्याने हौसेने डॅम्पिंग करून घेतलं. काम दिसायला चांदीसारखं चकचकीत. पण कारागिराने दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही शीटने बुजवली होती. दोन पावसाळे गेले, दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं, आणि खालची कड गंजून हातात आली. त्या दाराला नंतर कोणतीच शीट कामी आली नाही. म्हणून तुला सांगते, तळापासून चार बोटं पत्रा उघडा ठेव. भोकात काडी घालून बघ, धूळ आणि पालापाचोळा साचलेला असेल तर तोही काढ.

प्लास्टिक निघालं की मोठ्या खिडक्यांतून हात आत घाल. आत बाहेरचा पत्रा आहे, त्याच्या आणि तुझ्या हाताच्या मध्ये आडवी लोखंडी पट्टी आहे, अपघातात बाजूने धडक झाली तर वाचवणारी. तिच्या वर आणि खाली जो मोकळा पत्रा लागतो तिथे टकटक कर. तो टण्ण वाजेल. हातमोजे घालूनच हे कर, आतल्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि शीटचा ॲल्युमिनियमचा पापुद्राही कापतो. पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा कर. पेट्रोलने पुसू देऊ नकोस, तेलकट थर राहतो आणि दाराच्या आत त्याची वाफ कोंडते. शीट तळहातापेक्षा जरा मोठ्या तुकड्यांत काप, मोठा अखंड तुकडा आत जातही नाही आणि बसतही नाही. लावून रोलरने दाब, पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. ज्या जागी हवा राहते त्या जागी शीट फक्त चिकटलेली असते, काम करत नाही. थंडीत ब्युटाइल कडक होतं, तेव्हा ड्रायरचा हात फिरवावा लागतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची गरज पडत नाही.

लावून झालं की तार जोडून काच पूर्ण खाली घेऊन बघ. काच आत उतरते तेव्हा तिच्या आणि शीटच्या मध्ये बोटभर जागा हवी. आतल्या बाजूच्या लोखंडाला असलेली मोठी भोकं शीटने बंद करायचा मोह होईल, बरेच जण करतात, स्पीकरचा बेस वाढतो म्हणून. थारमध्ये वरच्या पिंजऱ्यालाच स्पीकर दिलेले असतात, तेव्हा त्या कारणाने दार सील करायची काही गरज नाही. आणि उद्या लॉक बिघडला किंवा काचेची मशीन अडकली की वायरमनला ते सगळं खरवडून काढावं लागतं. राहू दे ती भोकं.

पॅनल बसवण्याआधी ते उलटं करून त्याची पाठ बघ. माझ्या मते दारातलं सगळ्यात फायद्याचं काम हेच आहे, आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत. प्लास्टिक जिथे लोखंडाला घासून चकाकलंय ती प्रत्येक जागा एका किरकिरीची आहे. तिथे फेल्टची पट्टी चिकटव. मोकळी वायर दिसली तर तिला कापडी टेप गुंडाळ. हँडलची तार जिथे पत्र्यावर आपटते तिथेही टेप. पॅनलमागे भरायचाच असेल तर बंद छिद्रांचा फोम, जो पाण्यात बुडवून दाबला तरी पाणी सोडत नाही. गादीतला फोम दारात कधीच नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि कुबट वास मरेपर्यंत जात नाही.

खालच्या पत्र्यावर फार वेळ घालवू नकोस. मागच्या चाकांच्या कमानींवर शीट लाव, टायरचे खडे तिथेच आपटतात. पुढे पाय ठेवायच्या जागी मध्यभागी थोडी. पण थारच्या खालच्या पत्र्याला पाणी काढायची बुचं असतात, गाडी आतून धुता यावी म्हणून. ती झाकली तर संपलंच. गालिच्याखाली ओलावा दिसला तर शीट लावायची नाही, आधी पाणी कुठून येतं ते बघायचं.

एका गोष्टीने मला फार बरं वाटतं. ही कटकट फक्त आपली नाही. गोव्यात कारखाना असलेल्या कंपनीने १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी काढली होती, फायबरग्लासच्या अंगाची. जपानच्या माझदाची एमएक्स-५ तर १९८९ पासून आहे आणि २०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडून गेली, जगातली सगळ्यात जास्त खपलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार. तिचे मालकही सीटमागचं ट्रिम काढून तिथल्या पोकळीत शीट लावतात. आणि त्यांनाही पॅनल काढल्यावर हेच सापडतं, छताचं पाणी जायची नळी पानांनी तुंबलेली. पाणी आणि आवाज, उघड्या छताच्या गाडीत दोन्ही एकाच फटीतून आत येतात. एकीकडे लक्ष दिलं की दुसरीकडे आपोआप जातं.

कानाचंही सांगते, कारण ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. अमेरिकेत सेंट लुइसच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये उघड्या छताच्या गाड्यांतला आवाज मोजून प्रसिद्ध केला. छत उघडं आणि काचा खाली असताना मोठ्या वेगात तो पंच्याऐंशी डेसिबलच्या वर जात होता. त्यांनी सल्ला दिला तो साधा, ताशी अठ्ठ्याऐंशी किलोमीटरच्या वर जायचं तर काचा वर करा. पंच्याऐंशीला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ अर्धा होतो. तुझा प्रवास आठ तासांचा नाही हे खरं. पण तू रोज जातेस आणि वर त्या आवाजावर मात करायला गाणी मोठी करतेस. गाणी कमी कर. हूड उघडा असला तरी काचा वर ठेव. इतकं केलंस तरी भणभण बरीच कमी होईल, पॅनल काढायच्या आधीच.

काम दुकानात द्यायचं ठरवलंस तरी मला राग नाही. नोकरी करून दोन रविवार मोकळे मिळतात कुठे? पण गाडी सोडून जाऊ नकोस. "सोबत कोणी जेन्ट्स नाहीत का मॅडम?" असं विचारतील. विचारू दे. तू स्टूल मागून घे आणि दाराजवळ बस. पॅनल बसवण्याआधी प्रत्येक दाराचा फोटो काढ, त्यात तळाची भोकं उघडी दिसली पाहिजेत आणि प्लास्टिक परत लागलेलं दिसलं पाहिजे. हे आधीच सांगून ठेव, म्हणजे वाद होत नाही. वायर कापून जोडलेली दिसली तर तिथल्या तिथे थांबव, गाडीची वॉरंटी चालू असेल तर अशा जोडाने ती अडकू शकते. आणि काम झाल्यावर फेटरीच्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, मोबाइल त्याच जागी ठेवून पुन्हा मोजून बघ. कानाला आवाज अर्धा वाटायला दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. हूडच्या गाडीत तेवढं होत नाही. तीन-चार कमी झाले आणि खडखड गेली तर काम चांगलं झालं समज आणि तिथेच थांब. पुढचा थर लावायला पैसे देऊ नकोस.

मी तर एकच माप धरते. आईला शेजारी बसवून धापेवाड्याला जाताना साठच्या वेगात तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. ती हल्ली डाव्या कानाने कमी ऐकते, तुला माहीत आहे, आणि ड्रायव्हर तिच्या उजवीकडे बसतो, तेवढी सोय आहे. तिला तुझं बोलणं दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही तर तुझी गाडी पुरेशी शांत झाली.

शीट आणि क्लिपा घेऊन ठेव, फेल्ट आणि पट्ट्या बाबांच्या दुकानातल्या आहेत. एका दिवशी एकच दार घे, दुसरं पुढच्या रविवारी. आणि हे सगळं मार्चमध्ये उरक. मेमध्ये पत्र्याला हात लावता येत नाही, आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागला की दार उघडं ठेवायला कोरडा दिवस मिळत नाही.